शिकवलेली किल्ली

३ फेब्रुवारी, सोमवार

अगं, तुझी गाडी आज पुन्हा उघडी आढळली.

चारही दारे. काल संध्याकाळी मी ती स्वतः लॉक केली होती, आणि नेहमीप्रमाणे भोवती फिरून प्रत्येक दाराची मूठ ओढून पाहिली होती. (तू याला माझी प्रदक्षिणा म्हणायचीस.) सकाळी खाली उतरलो, तर चारही खिडक्यांच्या कडेची लॉकची बटणे वर. चोरीला काही गेलेले नाही. चोरण्यासारखे आत आहे तरी काय — तुझी छत्री, चष्म्याचे रिकामे घर, आणि मागच्या सीटवरची ती निळी उशी.

महिनाभर हे असे चालले आहे.

सेंट्रल लॉकिंग म्हणजे काय, हे मी तुला एकदा समजावून सांगितले होते. चालकाचे दार मुख्य. ते जे करील ते बाकीची तीन दारे मुकाट्याने करतात. तू म्हणालीस, "म्हणजे आपल्या घरासारखं." मी विचारले, आपल्या घरात मुख्य कोण? तू नुसती हसलीस.

ही वही लेकीच्या आग्रहावरून घेतली. ती दुसऱ्या शहरात बसून रोज फोनवर माझ्याशी भांडते — जेवण वेळेवर का नाही, फोन उचलत का नाही, एकच सदरा किती दिवस. काल म्हणाली, "कुणाशी बोलत नाही तर निदान लिहा तरी, बाबा." एकट्याने एकट्याशी बोलणे मला जमत नाही. म्हणून तुला लिहितो. पदार्थविज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला हे शोभत नाही, हे मान्य.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला विचारले. तो गाडीकडे न पाहताच म्हणाला, "चारही दारांतल्या लॉकच्या मोटरी बदलून टाका, साहेब." कारण विचारले. "जुनी गाडी. म्हातारपणी झाकलेलं उघडं पडतंच." आणि शेजारच्या टायरवाल्याकडे पाहून हसला. मी हसलो नाही. नाडी न बघता औषध देणाऱ्याकडे मी जात नाही.

माझी पद्धत साधी आहे. आधी लक्षण. मग शक्यता. मग एकेक शक्यता बाद करत जायची. शेवटी जी उरते, ते निदान. आयुष्यभर मुलांना हेच शिकवले.

लक्षण: गाडी व्यवस्थित लॉक होते, आणि काही वेळाने आपोआप उघडते. म्हणजे 'उघड' असा हुकूम तिला कुठून तरी मिळतो. प्रश्न इतकाच, की हुकूम देते कोण.

आज बाद: बॅटरी, फ्यूज, आणि आपल्या दोन्ही किल्ल्या. एक तुझ्या वाडग्यात असते, दुसरी माझ्या टेबलाच्या खणात. दोन्हींच्या रिमोटची बटणे मोकळी आहेत, कुठे अडकलेली नाहीत.

जेवताना घास पुन्हा अडला. पाण्याबरोबर उतरवावा लागला. तुझी नणंद, आपली धाकटी, म्हणते, एकट्याने जेवले की असेच होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चालकाच्या दाराचे आतील पॅनेल उतरवले. क्लिप एकही मोडली नाही. (तू असतीस तर म्हणाली असतीस, "एक मोडू द्या की, माणूस वाटाल.")

दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये एक वळ्यावळ्यांची रबरी नळी असते. दारातल्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. दार उघडले-मिटले की वाकतात, आणि वर्षानुवर्षे वाकून एक दिवस तुटतात. नळी मागे सरकवली. तांबड्या वायरचे आवरण शाबूत होते. आतली तार मात्र तुटलेली. वरून पाहणाऱ्याला कळूच नये असे तुटणे. सोल्डर करून जोडली, टेप गुंडाळला, नळी पूर्ववत चढवली.

तळमजल्यावरच्या धाकटीच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट गाडीवर उघडते, त्यामुळे तिच्या देखरेखीखालीच सगळे चालले होते. नात्याने माझी बहीण; पण तिची ऊठबस तुझ्याशी जास्त होती. खिडकीतूनच चहाचा कप पुढे केला.

"दादा, विकून टाक ना ती गाडी. किती दिवस तिच्या पोटात डोकं घालून बसणार?"

मी म्हणालो, बिघाड ठाऊक असताना विकणे ही फसवणूक आहे.

"मग फसव की एकदा कुणाला तरी. जग बुडत नाही."

ती हसली, आणि मग एकदम आत वळली. कप घ्यायलाही थांबली नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लॉक टिकले. सकाळी चारही बटणे खाली होती. लेकीला फोन करून सांगितले. म्हणाली, "अभिनंदन. आता स्वतःकडे बघा."

९ फेब्रुवारी, रविवार

उघडी.

दुपारी जेवायला वर गेलो, तेवढ्यात. तांबडी वायर तुटलेली होती हे खरे, पण ती या रोगाची नव्हती. दुसराच आजार बरा करून बसलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज गाडी घेऊन वाचनालयात गेलो. ती समोरच्या रस्त्यावर लावली, आणि खिडकीशी बसून वाचनाचे सोंग घेत दिवसभर तिच्यावर पहारा ठेवला. ढिम्म उघडली नाही. मागच्या आठवड्यात बाजारात, बँकेसमोर, लेकीला पार्सल पाठवायला गेलो तिथे — कुठेही नाही. घरी येऊन जागेवर लावली. संध्याकाळचा दिवा लावायला उठलो, खिडकीतून पाहिले, तर उघडी.

म्हणजे बिघाड गाडीत नाही. बिघाड जागेत आहे.

बुधवार हा तुझ्या मातीकामाच्या वर्गाचा वार. वर्षभर दर बुधवारी सकाळी गेलीस, आणि दुपार कलल्यावर परत आलीस — थकून, हात धुऊन, सरळ आडवी व्हायचीस. मी विचारायचो, आज काय केलेस? "सुरई केली होती. भट्टीत फुटली." पुढच्या बुधवारी: "झाकण केलं होतं. भट्टीत फुटलं." मी म्हणालो होतो, एवढे फुटते तर फी परत माग. अखेर एकच वाडगा घरी आला, किंचित वाकडा, हिरवट. "हा एक वाचला," म्हणालीस. त्यातच गाडीची किल्ली ठेवतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लेकीने फोनवरून शोधून एक किल्लीवाला पाठवला. हा गाड्यांच्या रिमोटच्या किल्ल्या करून देतो. बडबड्या माणूस. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला त्याने आपले यंत्र जोडले, पडद्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "सगळं ठणठणीत आहे, साहेब. तिन्ही किल्ल्या बरोबर दाखवतंय."

मी म्हणालो, दोन.

"तीन. हे बघा. हिला तीन किल्ल्या शिकवल्यात."

मी त्याचा शब्द दुरुस्त केला — किल्ली नोंदवतात, शिकवत नाहीत.

"तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. आम्ही शिकवली म्हणतो. एकदा शिकवली की ती किल्ली जवळपास कुठंही दाबा, गाडी उघडणार. तिसरी बाईसाहेबांकडे असेल."

मी म्हणालो, बाईसाहेब नाहीत.

तो गडबडला. मग हळूच: "पुसून टाकू का तिसरी? काम खलास. परत उघडायची नाही."

मी नको म्हणालो. आधी ती कुणाकडे आहे ते कळले पाहिजे. त्याने विचित्र नजरेने पाहिले.

गाडी आपण नवी घेतली तेव्हा किल्ल्या दोन होत्या. त्या दोन्ही माझ्या समोर टेबलावर आहेत. तिसरी तू करवून घेतलीस. कुणासाठी?

१६ फेब्रुवारी, रविवार

जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे वकील भेटले. आपणहून थांबले.

"वहिनींची गाडी काढणार आहात का? तसं असेल तर मला आधी सांगा हं. काय सफाईनं चालवायच्या."

मी विचारले, आपल्याला तिच्या चालवण्याची माहिती कशी?

"अहो, बुधवारी कितीदा तरी मला कोर्टापर्यंत सोडलंय त्यांनी. त्यांच्या वाटेवरच ना."

मातीकामाचा वर्ग नदीपलीकडे होता, असे तू मला सांगितले होतेस. कोर्ट बरोबर उलट दिशेला आहे. कोर्टाच्या रस्त्यावर पुढे हॉस्पिटल आहे, दोन हॉटेले आहेत, आणि नव्या इमारती. मातीकाम कुठेही नाही.

मी त्यांना नमस्कार केला आणि वर आलो. त्यांच्या दाराकडे बराच वेळ कान लावून बसलो. या वयात, या शिक्षणाने, मी जिन्याकडे कान लावून बसलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आपल्या घरात 'आपण' हे भांडणाचे सर्वनाम होते. एरवी मी तुला अगं-तुगं, आणि तू मला अहो. पण तोंड फिरले की मी म्हणायचो, "आपण जेवलात का?" आणि तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, "आले का आपण? आता आठवडाभर मुक्काम."

तर आपण मला सांगावे. दर बुधवारी आपण कुठे जात होता? आपल्या मोटारीची किल्ली या इमारतीत कुणापाशी आहे?

जेवलो नाही. घास उतरत नाही, आणि आता उतरावा असेही वाटत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सापडली.

आज सकाळपासून गाडीतच जाऊन बसलो. मागच्या सीटवर, आपल्या निळ्या उशीशेजारी, वर्तमानपत्र घेऊन. आतून चारही दारे लॉक केली. वकील उतरले, गाडीकडे पाहून चपापले, रिक्षाने गेले. काही झाले नाही. मुले शाळेत गेली. काही झाले नाही.

मग धाकटीच्या स्वयंपाकघरात हालचाल सुरू झाली. भांडी, नळ, कुकर. तिचा तो जड लाकडी खण ओढल्याचा आवाज. तो मिटताना तिला नेहमी कमरेने ढकलावा लागतो. धप्प.

टक्. चारही बटणे वर.

मी पुन्हा लॉक केले. वर्तमानपत्र घडी करून ठेवले. बराच वेळ गेला. खण उघडला. धप्प. टक्.

तिसऱ्यांदा मी वाट पाहिली नाही.

धाकटी पोळपाटाशी उभी होती. मी म्हणालो, तो खण उघड.

"काय झालं, दादा? असा काय बघतोस?"

खण उघड.

तिने उघडला नाही. मी उघडला. फडकी, सुतळी, मेणबत्त्या, एक जादा लाटणे. अगदी मागे, फळीला टेकून, किल्ली. तिला लाल लोकरीचा गोंडा. तो गोंडा कुणाच्या हातचा, हे मला विचारावे लागले नाही. खण ढकलला की थांबतो. लाटणे मात्र घरंगळत मागे जाते आणि किल्लीच्या बटणावर आदळते. जडत्वाचा नियम. पहिल्याच तासाला शिकवायचो.

"वहिनीनं दिली होती," धाकटी म्हणाली. "ती गेल्यावर डोळ्यांसमोर नको वाटली. खुंटीवरून काढली आणि आत टाकली."

कशासाठी दिली होती?

तिने गॅस बंद केला. "बस आधी."

मी उभा बरा आहे.

"तू जन्मभर उभाच बरा असतोस. बस म्हणते ना."

मी बसलो.

"येताना तिला गाडी चालवता यायची नाही, दादा. सलाइन लावून झालं की हातपाय गळायचे. मागं उशी घेऊन पडायची. मी दुपारी मागाहून रिक्षानं जायची, गाडी फाटकाशी काढून ठेवायची आणि चालवत आणायची. कोपऱ्यावर ती गाडी थांबवायला सांगायची, मी उतरायची, ती पाणी प्यायची, केस नीट करायची, आणि मग पुढं बसून स्वतः आत आणायची. तू खिडकीत असायचास म्हणून."

मी विचारले, हे कधीपासून?

"तुला कळलं त्याच्या वर्षभर आधीपासून."

आणि मातीकाम?

धाकटी पदराने डोळे पुसत होती, आणि तशातच तिला हसू आले. "कसली माती. तो वाडगासुद्धा हॉस्पिटलच्या फाटकासमोरच्या दुकानातला. मीच म्हटलं, अगं, वर्षभरात एक तरी भांडं ने घरी, संशय येईल."

२० फेब्रुवारी, गुरुवार

आपणांस उद्देशून.

मी आपल्याविषयी नको ते मनात आणले, याचा खेद मला वाटायला हवा. वाटत नाही. ते निघाले असते तर बरे, असे काल एकदा वाटून गेले. त्यात निदान मी एकटाच बाहेर असतो आणि आत एक परका असता. इथे सगळे घरचेच आत होते. माझी बहीण. आपले डॉक्टर, जे माझा रक्तदाब बघताना माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत. फक्त लेकीला ठाऊक नव्हते, असे धाकटी शपथेवर सांगते. तेवढा एक न्याय.

पण मला खरे विचारायचे आहे ते त्या दिवसाविषयी.

डॉक्टरांनी आपल्याला दोघांना समोर बसवले. टेबलावर काचेचा पेपरवेट होता, डॉक्टर तो फिरवत होते. त्यांनी सांगितले. आपण माझा हात धरलात. आपली बोटे गार होती. आपण म्हणालात, "म्हणजे किती दिवस?" आणि माझ्याकडे पाहिलेत. मी समजलो, माझ्या पायाखालची जमीन सरकली तशी आपलीही सरकली. आयुष्यातील सर्वांत वाईट वाक्य आपण दोघांनी एका वेळी, एका खोलीत, हातात हात घालून ऐकले — या एका गोष्टीच्या आधाराने मी आपल्या पश्चात उभा राहिलो आहे. दुसरे काहीही नव्हते.

तो प्रयोग होता. आपले संवाद आपल्याला पाठ होते. डॉक्टरांचेही. रंगमंचावर एकटा मीच खरा होतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटी वर आली. मी दार उघडले नाही. बाहेरूनच बोलत राहिली.

"मी तिला म्हटलं होतं दादा, निदान त्याला तरी सांग. रोज म्हणायची मी. तर ती काय म्हणाली सांगू? म्हणाली, त्यांना कळलं की ते माझ्याशी भांडायचे थांबतील. गोड बोलायला लागतील. गोड बोलणारा नवरा घेऊन मी काय करू? परक्या घरात राहिल्यासारखं वाटेल."

मी आत खुर्चीवर बसून ऐकले.

"एक वर्ष तरी नेहमीसारखं जाऊ दे म्हणाली. दादा, ऐकतोयस ना?"

ऐकत होतो.

तर त्या वर्षभर मी आपल्याशी भांडलो: दिवे चालू राहतात म्हणून, बुधवारचे जेवण उशिरा होते म्हणून, गाडीच्या डाव्या दारावर ओरखडा आला म्हणून. (तो धाकटीने पाडला, हेही आता कळले.) आजारी बाईशी भांडणारा माणूस आपण मला केलेत, आणि तो मी आहे हे मला कळूही दिले नाहीत. आपल्याला वर्ष नेहमीसारखे मिळाले. ते माझ्या खिशातून काढून घेतलेले होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांकडे गेलो. आधी भांडण, मग घसा, असे ठरवून गेलो होतो. त्यांनी आधी घसा पाहिला.

मग मी विचारले. ते पेपरवेट फिरवत राहिले.

"त्यांनी शब्द घेतला होता माझ्याकडून."

मी म्हणालो, आपण दोघांनी मिळून नाटक केलेत.

"नाटक त्यांनी केलं. मी तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं, एवढंच. आणि सर, खरं सांगू? पहिल्यांदा त्या रडल्या नव्हत्या. दुसऱ्यांदा रडल्या. तुमच्या तोंडाकडे बघून."

मी उठलो. ते म्हणाले, "बसा. माझं झालं नाही. घास कधीपासून अडतोय?"

गुरुवारी दुर्बिणीची तपासणी करायची आहे. नळी घालून आत बघतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

किल्लीवाल्याला बोलावले. तिसरी पुसून टाक म्हणालो. एकेक पुसता येत नाही, असे कळले. आधी गाडी सगळ्याच विसरते; मग ज्या हव्या त्या पुन्हा शिकवायच्या.

"किती शिकवू, साहेब?"

दोन.

लाल गोंड्याची किल्ली त्याच्या हातात होती. त्याने ती दाबून दाखवली. गाडी ओळख देईना. धाकटी खिडकीतून पाहत होती. तिने खिडकी लावून घेतली.

लॉकचा प्रश्न मिटला. लेकीला कळवले. "बिघाड काय होता शेवटी?" तिने विचारले. मी म्हणालो, किल्लीचा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी रात्रभर बंद राहिली. काही आनंद झाला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दुर्बीण झाली. आतला नमुना काढून घेतला. डॉक्टर म्हणाले, रिपोर्टच्या दिवशी सोबत कुणाला तरी आणा. कुणाला आणू, ते सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन. भात का खाल्ला नाही यावरून बरेच ऐकवले. आवाज चढला की तुझ्यासारखा होतो. मी उलट बोललो. ती आणखी चिडली. बऱ्याच दिवसांत इतके बरे वाटले नव्हते.

वर 'तुझ्यासारखा' असे लिहिले गेले आहे. खोडणार नाही.

३ मार्च, सोमवार

एकटाच गेलो. डॉक्टरांनी सोबत कोण म्हणून माझ्या मागे दाराकडे पाहिले. मग सांगितले.

टेबलावरचा माझा हात रिकामा होता. वाक्य ऐकून झाल्यावर तो कुठे ठेवावा, ते मला समजेना. एवढ्यासाठी तू ते दुसऱ्यांदा ऐकायला आली होतीस, असे आज वाटते. मला माहीत नाही. विचारायला तू नाहीस.

आठवड्यातून एकदा जावे लागेल. डॉक्टरांनी वार विचारला. मी बुधवार सांगितला.

४ मार्च, मंगळवार

किल्लीवाला पुन्हा. "परत तिसरी शिकवू? साहेब, अशानं हिचं डोकं फिरेल." मी म्हणालो, शिकव. शिकव हाच शब्द वापरला. तो गालात हसला.

लाल गोंड्याची किल्ली घेऊन धाकटीच्या दारात गेलो. ती काही बोलण्याआधीच मी म्हणालो, येताना मला चालवता येणार नाही, असे म्हणतात.

ती किल्लीकडे पाहत राहिली. मग खाली बसली, तिथेच, उंबऱ्यावर. तिथूनच म्हणाली, "निदान पोरीला तरी सांग, दादा."

सांगीन म्हणालो. पण कळले की ती भांडायची थांबेल.

५ मार्च, बुधवार

सकाळी निघण्यापूर्वी लेकीचा फोन. मी म्हणालो, दर बुधवारी फोन लागणार नाही. मातीकामाचा वर्ग लावला आहे. ती इतकी हसली. "तुम्ही? बाबा, आईसारखं सगळं भट्टीत फुटेल हं." फुटू दे, म्हणालो.

आपली फिट्टंफाट झाली, अगं.

परतताना कोपऱ्यावर गाडी थांबवायला सांगितली, पाणी प्यायलो, केस नीट केले. खिडकीत कुणी नव्हते, तरी. धाकटीने तिची किल्ली खुंटीला परत लावली. मी गाडी लॉक केली, प्रदक्षिणा घातली. चारही दारे बंद. किल्ली वाडग्यात परत ठेवली.